उताराचे तोंड कुणीकडे? अंबाजोगाई ते कल्पा

हिमाचलला जातो आहोत, असे अंबाजोगाईत कुणालाही सांगितले की समोरचा माणूस बर्फ, सफरचंद आणि मनाली हे तीन शब्द लागोपाठ उच्चारतो. मला यांपैकी काहीच पाहायचे नव्हते. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवले. अनावृत्तबीजी, म्हणजे खरे फूल नसलेल्या आणि बी उघडे असलेल्या, वनस्पतींचा धडा आला की प्रयोगशाळेतल्या कपाटातून चीड वृक्षाचा एक धुळकट शंकू काढायचा, तो वर्गात फिरवायचा आणि परत कपाटात ठेवायचा, एवढाच माझा सूचिपर्णी जंगलाशी संबंध. निवृत्तीनंतर ते जंगल उभे पाहावे, आणि तेही पाऊस न पोहोचणाऱ्या कोरड्या भागातले पाहावे, असे ठरवून हिमाचलचा किन्नौर जिल्हा निवडला. सोबत सौभाग्यवती, थोरले बंधू आणि वहिनी. दादा बालाघाटाच्या कडेला कोरडवाहू शेती करतात. "डोंगर बघायला डोंगरातून कशाला जायचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो तसा रास्तच होता.

पहिला व दुसरा दिवस (१ व २ जून) : परभणी ते अंबाला

परभणीला सचखंड एक्सप्रेस पकडली. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी मराठवाड्यातून थेट उत्तरेकडे नेते, म्हणून तिचे आरक्षण लवकर भरते. दोन महिने आधी केलेले बरे. या गाडीचे वैशिष्ट्य म्हणजे वाटेतल्या अनेक स्थानकांवर शीख बांधव प्रवाशांना लंगरचे जेवण देतात. त्यासाठी आपले ताट-वाटी किंवा डबा जवळ ठेवावा लागतो, हे आम्हांला ऐनवेळी कळले. वहिनींनी धपाट्यांचा डबा रिकामा करून तोच खिडकीतून पुढे केला आणि त्यात कढी-भात आला. धपाटे मात्र पुढचे दोन दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेले राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबाल्याला उतरून रात्री कालक्याला मुक्काम केला.

तिसरा दिवस : शिमला

कालका-शिमला ही १९०३ साली सुरू झालेली छोटी गाडी ९६ किलोमीटर चढते आणि तेवढ्या प्रवासात झाडे बदलत जाताना दिसतात: आधी झुडपे, मग लांब सुयांचे चीड, शेवटी देवदार. शिमल्यात आगाऊ पैसे भरलेली खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली होती आणि आम्ही तासभर सामानावर बसून होतो. मोसम ऐन भरात होता, एवढेच म्हणतो.

चौथा दिवस : नारकंडा, रामपूर, सराहन

शिमल्याहून भाड्याची गाडी केली. हिमाचल परिवहनच्या बसही रेकाँग पिओपर्यंत, म्हणजे किन्नौरच्या मुख्य गावापर्यंत, जातात आणि स्वस्त पडतात, परंतु झाड दिसले की थांबा म्हणणाऱ्या माणसाने बसमध्ये बसू नये.

नारकंडा सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. तिथे चहासाठी थांबलो असताना वहिनी रस्त्याच्या कडेच्या एका ओकसारख्या झाडाजवळ गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "भावजी, इकडं या, दगडफूल!" खोडाच्या सालीला राखी रंगाचे, कडांना कुरळे झालेले पापुद्रे चिकटलेले होते. ते खरोखरच दगडफूल, म्हणजे शैवाक होते. आपल्या काळ्या मसाल्यात जे पडते त्यातले बरेचसे हिमालयातल्या झाडांच्या सालीवरून येते, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते; वहिनींनी मात्र ते वासावरून ओळखले. वहिनी दगडफुलाला दगडावरच येणारी वस्तू समजत होत्या. "म्हणजे इतकी वर्षं झाडाची साल खात होतो का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा शैवाक म्हणजे साल नव्हे, कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे सांगण्यात माझे पुढचे दहा किलोमीटर गेले.

नारकंड्याहून रस्ता सतलजकडे उतरतो आणि रामपूरपाशी पुन्हा हजार मीटरवर येतो. उकाडा असा, की गाडीच्या काचा खाली केल्या तरी अंबाजोगाईचीच हवा आत येत होती. समोरच्या तापलेल्या उतारावर हिरव्या, काटेरी, मेणबत्तीच्या झुंबरासारख्या फांद्यांचे जथे उभे होते. दादा एकदम सरसावून बसले. "आरं, हे तर आपलं निवडुंग! एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं का?" ते निवडुंग नव्हे, शेराच्या कुळातले थूहर, आपल्या बांधावरच्या साबरकांडाचे जवळचे नातलग. फांदी मोडली की दूध येते, आणि ते दूध डोळ्यांत गेले तर डोळ्यांना धोका असतो, म्हणून हात लावू नये. दादांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, कारण हिमालयात आल्यावर आपले कोरडे माळ मागे राहतील, असेच मलाही वाटत होते.

सराहनला भीमाकाली मंदिराजवळ मुक्काम केला. रात्री थंडी.

पाचवा दिवस : वांगतू ओलांडून कल्पा

सकाळी पुन्हा सतलजकाठी उतरलो. तरंडा देवीपाशी प्रत्येक गाडी थांबते, चालक हात जोडतो आणि मगच कड्यात कोरलेल्या रस्त्याला लागतो. आमच्या चालकाने आम्हांलाही उतरायला लावले. त्या रस्त्याचे छत म्हणजे डोंगरच असल्यामुळे सल्ला मानला.

वांगतूच्या पुढे निसर्गाने जणू पडदा बदलला. मोसमी ढग दक्षिणेकडच्या रांगांवर पाणी सांडून मोकळे होतात आणि इथवर फारसे पोहोचत नाहीत. इथले पाणी मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचे. हिरवळ विरळ होत गेली, दगड उघडे पडत गेले आणि करछमनंतर एका वळणावर कड्याच्या भेगेतून बाहेर आलेले, बुटके, पसरट, राखी खोडाचे झाड दिसले. मी गाडी थांबवली. चिलगोजाच होता, खाण्याच्या बिया देणारा चीडचा भाऊबंद.

कल्पाला पोहोचेपर्यंत दुपार टळली. कल्पा साधारण २,९०० मीटरवर आहे आणि समोर सतलजच्या पलीकडे किन्नर कैलासाची रांग. त्यातले जोरकांदेन हे शिखर ६,४७३ मीटर. ज्यांच्या घरी उतरलो तिथल्या आजींना सगळे 'अम्माजी' म्हणत. डोक्यावर हिरव्या मखमलीच्या पट्टीची किन्नौरी टोपी, हातात लोकर. त्यांनी ओगल्याचे चिल्टे वाढले. ओगला म्हणजे कुट्टू, उपवासाच्या राजगिऱ्यासारखे धान्य नसलेले धान्य, आणि चिल्टा म्हणजे त्याचे पातळ, जाळीदार धिरडे, वर तूप. आमच्या सौ.नी त्यांना आपली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. अम्माजींनी भाकरी वाजवून पाहिली, वास घेतला, एक तुकडा चावला आणि हिंदीत विचारले, "तुमच्याकडेही पाणी कमी आहे का?" धान्यावरून पाणी ओळखणारी ही बाई पाहून दादा त्या घरात एकदम रमले.

सहावा दिवस : रोघीची वाट

हा दिवस या प्रवासाचा गाभा होता, म्हणून सविस्तर लिहितो.

कल्पाहून रोघी गावाकडे सात-आठ किलोमीटरचा रस्ता जातो. एका बाजूला भिंतीसारखा डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी. गाडी न घेता चालत जावे, सकाळी सहाला निघावे, पाणी आणि टोपी सोबत असावी. दहानंतर ऊन आणि दगड दोन्ही बाजूंनी भाजतात. या रस्त्यावरचा उतार बराचसा दक्षिण-आग्नेयेला तोंड करून आहे.

दादांनी पहिल्या अर्ध्या तासातच विचारले, "ह्या अंगाला खुरटी झुडपं आन् समोरच्या अंगाला काळं रान. पाऊस तर दोन्हीकडं सारखाच आसंल ना?" समोरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर देवदार आणि कैल या सूचिपर्णी झाडांची दाट रेघ होती, आमच्या बाजूला सुटे चिलगोजे आणि त्यांच्यामध्ये उघडी माती. मी वहीत आकृती काढून दाखवली. कल्पा साधारण साडेएकतीस अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या एकवीस तारखेला इथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पस्तीस अंश वर येतो. पस्तीस अंशांच्या दक्षिण उतारावर ते किरण सत्तर अंशांनी, म्हणजे काटकोनाच्या बरेच जवळ पडतात. तेवढ्याच उत्तर उताराला मात्र ते फक्त घासून जातात. म्हणून इकडचे बर्फ लवकर वितळून वाहून जाते, आणि तिकडचे उन्हाळ्यापर्यंत हळूहळू मातीत मुरत राहते. पाऊस सारखा, पण साठवण वेगळी. "म्हंजी तिकडं बांध घातलाय आन् इकडं नाही," दादा म्हणाले. माझ्या आकृतीपेक्षा हे वाक्य चांगले होते.

आपल्याकडे हा फरक डोळ्यांत भरत नाही, त्याचेही कारण याच आकृतीत आहे. अंबाजोगाईला मेच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि डिसेंबरातही तो अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. आपल्या टेकड्यांचे उतार सौम्य, बर्फाचा प्रश्नच नाही. त्यामुळे माळाचे तोंड कुणीकडे आहे, हे आपण विचारत नाही.

आता झाडांविषयी. पहिला भेटला तो वासाने. पायाखाली राखी-हिरवी, बारीक चिरलेल्या पानांची झुडपे होती, दादांनी एक पान चुरगळून नाकाशी नेले आणि थबकले. "दवणा!" चैत्रात देवाला वाहतो तो दवणा नव्हे, पण त्याच प्रजातिसमूहातला, आर्टेमिसिया. कोरड्या उतारावर ही वनस्पती इतकी माजलेली असते की शेळ्या तिच्या भोवतीचे सगळे खातात आणि तिला सोडतात. तो उग्र वास म्हणजे तिचे कुंपणच. आपल्या माळावर तरवड आणि घाणेरी जनावरे टाळतात, त्याच हिशोबाने.

त्याच्या पुढे जंगली गुलाब. वेब नावाच्या एका इंग्रज मोजणी अधिकाऱ्याच्या नावाचा हा रोझा वेबियाना जूनमध्ये भरात असतो: कमरेएवढे झुडूप, सरळ पिवळट काटे, नखाएवढ्या पर्णिका आणि त्यावर तळहातात मावेल असे पाच पाकळ्यांचे गुलाबी फूल. मधे दगडांच्या खाचांत बनअजवायन, अर्थात रानटी थाईम, जमिनीला चिकटून पसरलेली. तिच्यावर पाय पडला की ओव्याचा वास येतो. एका ढासळलेल्या कडेला व्हर्बॅस्कमची पाने जमिनीवर गोलाकार मांडलेली होती, दीड-दोन वितींची आणि दोन्ही अंगांनी लोकर चढलेली. मी भिंग काढून सगळ्यांना दाखवले: ती लोकर म्हणजे फांद्या फुटलेल्या केसांचे जाळे, ऊन परतवायचे आणि पानाजवळची ओल वाऱ्याने जाऊ द्यायची नाही, हे तिचे काम. सौ. म्हणाल्या, "रुईचं पान असंच असतं ना, पांढरं भुरभुरं?" बरोबर होते. दहा रुपयांच्या नाण्याएवढे भिंग या वाटेवर कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, ते जरूर न्यावे.

सगळ्यात जास्त वेळ मी एका झाडापाशी बसलो, आणि ते झाड म्हणावे असे दिसतही नव्हते. खडकाला चिकटलेला हिरव्या काड्यांचा गुंता, केरसुणीचे तोंड उलटे ठेवावे तसा. पाने नाहीत. एक काडी उचलून पाहिली तर ती पेरापेराची, उसाच्या लहानशा बाहुलीसारखी. प्रत्येक सांध्यावर दोन इवले, वाळलेले खवले, आणि तेवढेच काय ते पान. काही सांध्यांवर पिवळे, परागांनी भरलेले टाचणीच्या डोक्याएवढे शंकू होते. ही एफेड्रा जेरार्डियाना. इथले लोक तिला सोमलता म्हणतात. दिसायला झुडूप, पण नात्याने चिलगोज्याच्या बाजूची, कारण तिलाही खरे फूल नसते. दोघांच्याही शास्त्रीय नावात 'जेरार्डियाना' आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खोऱ्यात फिरलेल्या जेरार्ड बंधूंची ही आठवण. दम्यावर वापरले जाणारे एफेड्रिन या कुळातल्या वनस्पतींत असते. म्हणूनच तिचा चहा करून पिण्याचा उपद्व्याप कुणी करू नये, ते रक्तदाब आणि हृदय यांच्याशी खेळणे होईल. पाने टाकून देऊन खोडानेच अन्न तयार करण्याची ही युक्ती आपल्या काळ्या रानातल्या नेपतीने, त्या बिनपानांच्या काटेरी जाळीनेही, काढलेली आहे. धडा मी शेकडो वेळा शिकवला होता आणि दरवेळी एफेड्राची फक्त आकृती फळ्यावर काढली होती. त्या दिवशी ती काडी हातात धरून बसलो तेव्हा दादा म्हणाले, "चल, ऊन चढायलंय," आणि मला त्यांचा थोडा राग आला.

उतारावरची माती मुठीत घेतली तर अभ्रकाच्या कणांनी तळहात चमकतो. काळ्या चिकण मातीच्या सवयीच्या दादांना ती वाळूसारखी सुटी, पाणी न धरणारी माती अजिबात आवडली नाही.

सातवा दिवस : चिलगोज्याचे रान

अम्माजींच्या मुलाबरोबर गावाच्या वरच्या रानात गेलो. वाटाड्या घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये, पाऊलवाटा फसव्या आहेत.

निम्मा चढ सफरचंदांच्या बागांतून आहे. वरच्या बर्फाचे पाणी दगडी पाटाने, ज्याला तिथे कुल्ह म्हणतात, उताराला आडवे आणलेले असते आणि त्या पाटाच्या खालची बाजू गडद हिरवी तर वरची बाजू तपकिरी दिसते. फुटपट्टीने आखल्यासारखी ती रेघ दादांनी तीन-चार वेळा वळून पाहिली. झाडांच्या रांगांमध्ये पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची नाजूक रोपे होती. वहिनींनी फूल नाकाशी नेले. "शहाजिरं!" येसरीच्या मसाल्यात पडते तेच. इथे त्याला काला जीरा म्हणतात, जमिनीखाली त्याची लहानशी गाठ असते आणि बी पेरल्यापासून फूल यायला तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. आपल्या बीडच्या सीताफळाप्रमाणे त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पिओच्या बाजारात हे जिरे घेताना थोडे दोन बोटांत चोळून पाहावे. वास लगेच उठला तरच घ्यावे.

पाटाच्या वर चिलगोज्याचे रान सुरू झाले. जंगल म्हटल्यावर जी सावली डोळ्यांसमोर येते ती इथे नाही. झाडे एकमेकांपासून फटकून उभी, मधे दगड, दवण्याची झुडपे आणि ऊन. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली राखी, हिरवट, तांबूस अशी ठिगळे उघडी पडतात. पेरूचे जुने खोड ज्याने पाहिले आहे त्याला ते लगेच ओळखता येईल. सुया तीन-तीनच्या जुडग्यात, आखूड आणि ताठ. चीडच्याही तीनच असतात, पण वीतभर लांब आणि लोंबत्या, कैलच्या पाच, देवदाराच्या मात्र आखूड फांदीवर गुच्छाने. झाडाजवळ जाऊन सुया मोजल्या की नाव चुकत नाही. घळीत, जिथे ओल टिकते, तिथे देवदार होता आणि सोंडेच्या उघड्या पाठीवर चिलगोजा. पन्नास पावलांत ही अदलाबदल दिसते.

फांद्यांवर दोन वयांचे शंकू होते. यंदाचे अंगठ्याएवढे, आणि गेल्या वर्षीचे मुठीहून मोठे, हिरवे, डिंकाने चिकट. शंकू पिकायला दुसरे वर्ष उजाडते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खवले उघडण्याच्या आधीच, माणसे झाडावर चढून तो उतरवतात, ढिगात ठेवून उघडू देतात आणि मग आतले लांबट, तपकिरी चिलगोजे निघतात. तिथे याला न्योजा म्हणतात. लग्नकार्यात पाहुण्यांच्या गळ्यात न्योज्याची माळ घालायची रीत आहे, म्हणजे हारच खाता येतो.

पण अम्माजींच्या मुलाने दाखवलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. त्याने मला झाडाखाली रोपटे शोधायला सांगितले. आम्ही चौघे अर्धा तास वाकून फिरलो. तिथे एकही मिळाले नाही. शेवटी एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत बोटभर उंचीचे एक सापडले. बी महाग, त्यामुळे झाडावर शंकू राहत नाही. घाईत शंकूबरोबर फांदीही तोडली जाते. जे बी चुकून पडते ते उंदीर आणि पक्षी नेतात, आणि जे उगवते ते शेळ्यांच्या तोंडी जाते. भारतात हे झाड मुख्यतः किन्नौरमध्येच आहे, थोडेसे चंबा जिल्ह्यातल्या पांगीत. "आमच्या आजोबांनी चढलेल्याच झाडांवर आम्ही चढतो," तो म्हणाला. दादांनी त्या बोटभर रोपाभोवती तीन दगड रचले. त्याने शेळी अडणार नाही हे त्यांनाही कळत होते.

एक व्यवहाराची सूचना: शंकूला हात लावला तर डिंक साबणाने निघत नाही. अम्माजींनी आम्हांला चुलीचे, म्हणजे रानजर्दाळूच्या बियांचे तेल चोळायला दिले आणि हात लगेच मोकळे झाले. खोबरेलही चालते.

आठवा व नववा दिवस : दरड, स्पिलो आणि नाको

नाकोला एक मुक्काम करायचे ठरले. भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही; परदेशी नागरिकांना जंगीच्या पुढे लागतो. पहाटे पाचला निघालो आणि सातला स्पिलोच्या अलीकडे थांबलो, कारण समोर रस्त्यावर दगड येत होते. यंत्र येऊन रस्ता मोकळा होईपर्यंत साडेतीन तास गेले. पावसाळ्यात या मार्गावर येऊच नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरअखेर हेच दिवस बरे.

त्या साडेतीन तासांनी मात्र मला या प्रवासातले सगळ्यात अनपेक्षित फूल दिले. चहाची टपरी नाही, सावली नाही, म्हणून कड्याच्या कडेकडेने फिरत होतो, तेव्हा मातीचा लवलेश नसलेल्या भेगेतून खाली लोंबणाऱ्या गोल, मांसल पानांच्या वेलीवर मोठी पांढरी फुले दिसली. चार पाकळ्या आणि त्यांतून बाहेर फेकलेले, टोकाकडे जांभळे होत गेलेले पुंकेसरांचे झुपके. हे कॅपॅरिस स्पायनोसा, म्हणजे कबर. फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मान टाकते. आम्ही सातला पाहिले तेव्हा ते टवटवीत होते आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा पाकळ्या मलूल झाल्या होत्या. दरड पडली नसती तर आम्ही तिथून पन्नासच्या वेगाने निघून गेलो असतो.

वहिनींना विचारले, हे कुणासारखे दिसते? त्यांनी काटे पाहिले, पुंकेसर पाहिले आणि म्हणाल्या, "वाघाटी." आषाढी द्वादशीला उपास सोडताना जिची भाजी होते ती वाघाटी, परवाची बिनपानांची नेपती आणि हे कड्यावरचे कबर, तिन्ही एकाच प्रजातिसमूहातली भावंडे. एक बालाघाटाच्या झुडपांत चढते, एक काळ्या रानात पाने टाकून बसते आणि एक हिमालयाच्या तापल्या भिंतीला लोंबकळते.

पूहच्या पुढे चिलगोजाही संपला. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून रस्ता वळणावळणाने नाकोला, सुमारे ३,६०० मीटरवर, चढतो. उतारावर आता फक्त उश्यांसारखी गोल काटेरी झुडपे: कॅरागाना, तूर-हरभऱ्याच्या कुळातली, पिवळ्या फुलांनी भरलेली. वारा असा, की उंच व्हायची हिंमत कुणी करत नाही. "शेंग येती का हिला?" दादांनी विचारले आणि वाळलेली शेंग शोधून फोडूनही पाहिली. नाकोला वहिनींचे डोके दुखू लागले, जेवण जाईना. पाणी, विश्रांती आणि सकाळी लवकर खाली उतरणे, एवढ्यावर भागले. कल्पाला चार रात्री काढूनच वर यावे, हे म्हणूनच सांगतो. आम्ही एक कमी काढली होती.

दहाव्या दिवसापासून पुढे : परत

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे फार नाही. निघताना अम्माजींनी एक उघडलेला, बी काढलेला जुना शंकू दिला. आम्ही वाटेत काहीही उपटले नाही की तोडले नाही. तो शंकू आणि पाव किलो शहाजिरे एवढेच सोबत आणले. अंबाल्याच्या फलाटावर असताना घरून फोन आला, मृग कोरडाच चालला आहे. या वेळी लंगरसाठी चार डबे तयार होते.

पाऊस आला तो आम्ही पोहोचल्यावर आठवड्याने. पेरणी उरकल्यावर दादांनी मला शेतामागच्या टेकडीवर नेले. तिच्या दक्षिण अंगाला एक आणि उत्तर अंगाला एक अशा बाभळीच्या दोन खुंट्या त्यांनी सारख्याच उंचीवर ठोकल्या होत्या, सुतळीने मोजून. आत्ता दोन्हीकडे कुसळी सारखीच हिरवी होती. "आता काही दिसायचं नाही," ते म्हणाले, "संक्रांतीला ये. कोणत्या खुंटीचं गवत आधी वाळतंय ते बघू."